मास्तरांच्या वहीतली कादंबरी

फौजेतून परत आलेला माणूस आपल्या खेड्यांना नवा नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. असा गडी परत आला की कोणी शेती बघतो, कोणी नोकरी धरतो. लढाईत जे पाहिले ते मात्र बहुधा त्याच्या पोटातच राहते. घरच्यांनी विचारले तरी तो विषय बदलतो. तुमच्याही भावकीत असा कोणी असेल.

विल्यम गोल्डिंग हे इंग्लंडातले एक शाळामास्तर. त्यांनी ते पोटातले कागदावर उतरवले, तेही बायको, दोन मुले आणि नोकरी सांभाळून.

त्यांचा जन्म १९११ सालचा, कॉर्नवॉलमधला. वडील शाळेत विज्ञान शिकवीत. माणूस शिकला की शहाणा होतो आणि जग हळूहळू सुधारतच जाते, अशी त्या घराची श्रद्धा. मुलगा ऑक्सफर्डला शिकला, १९३४ साली त्याचे कवितांचे एक छोटे पुस्तक निघाले. ते फारसे कोणी वाचले नाही. १९३९ मध्ये ॲन नावाच्या मुलीशी लग्न झाले आणि पुढे सॉल्झबरी गावच्या एका मुलांच्या शाळेत नोकरी लागली. महायुद्ध तेव्हा पेटलेलेच होते. १९४० च्या अखेरीस मास्तर आरमारात भरती झाले. थोरला मुलगा तेव्हा तान्हाच होता.

पुढची पाच वर्षे आरमारात गेली. जर्मनांच्या बिस्मार्क या जंगी जहाजाचा १९४१ मध्ये जो पाठलाग झाला, त्यात त्यांचे जहाज होते. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा ते स्वतः एका अग्निबाण सोडणाऱ्या बोटीचे प्रमुख होते. अशा बोटीवर हजाराच्या आसपास अग्निबाण ओळीने रचलेले असत आणि काही क्षणांत ते सारे किनाऱ्यावर जाऊन पडत. पलीकडे कोण मेले, हे सोडणाऱ्याला दिसत नसे. त्याच वर्षी हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या चढाईत ताफ्यातल्या बऱ्याच बोटी डोळ्यांदेखत गेल्या. माणूस मुळात चांगलाच असतो, ही घरातून आणलेली समजूत त्या पाण्यातच बुडाली. दुष्टपणा फक्त शत्रूच्या अंगात असतो असे नाही, तो आपल्याही अंगात आहे, असे त्यांचे मत झाले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

१९४५ मध्ये ते परत त्याच शाळेत रुजू झाले. पगार बेताचा. घरात आता धाकटी मुलगीही आली होती. शिकवणे त्यांना फारसे आवडत नसे, हेही सांगितले पाहिजे. नाही तर आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी उगाच गोड करून सांगतो. पण मुलांचे खेळ, टोळ्या, दुबळ्याला छळणे हे सारे ते बारकाईने बघत. एकदा गावाबाहेरच्या जुन्या मातीच्या तटबंदीवर त्यांनी पोरांचे दोन तट पाडले, एकाने राखायची, दुसऱ्याने चाल करायची. मास्तरांनी हात सैल सोडला की पोरे कुठवर जातात, ते त्यांनी तिथे पाहिले.

तोवर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. तिन्ही प्रकाशकांकडून परत आल्या. एका रात्री मुलांना निर्जन बेटावरच्या शूर पोरांची जुनी गोष्ट वाचून दाखवून झाली, तेव्हा ते बायकोला म्हणाले की, अशी पोरे खरोखर कशी वागतील त्याची गोष्ट लिहिली तर? ॲनबाईंनी त्यांना लगेच लिहायला बसवले. तीन वेळा हात पोळलेल्या माणसाला चौथ्यांदा बसवणे सोपे नसते. या हकीकतीत मला तर त्या बाईंचाच वाटा मोठा वाटतो.

लिहायला वेगळी खोली नव्हती की वेगळा वेळ नव्हता. शाळेच्याच साध्या वहीत, मधल्या सुटीत, वर्गात पोरे आपापले काम करीत असताना मास्तर लिहीत गेले. बेटावर पडलेली पोरे आधी सभा भरवतात, शंख ज्याच्या हाती त्यानेच बोलायचे असा नियम करतात, एकाच्या चष्म्याच्या काचेने विस्तव पेटवतात. मग डुकरांची शिकार सुरू होते, टोळ्या पडतात आणि शेवटी माणसांवरच हात उचलला जातो.

हस्तलिखित अनेक दारांवरून फिरले. फेबर या प्रकाशनसंस्थेतही ते परतीच्या गठ्ठ्यात पडले होते. तिथे नव्याने लागलेल्या चार्ल्स माँटीथ या तरुणाने ते उचलले. हाही ब्रह्मदेशच्या लढाईत जखमी झालेला फौजीच. त्याने सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग काढायला लावला, नाव बदलले आणि १७ सप्टेंबर १९५४ रोजी 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' बाहेर पडले. मास्तरांना दोन दिवसांनी ४३ वर्षे पुरी व्हायची होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी नोकरी सुटली असे समजू नका. अमेरिकेत तर पहिली आवृत्ती जेमतेम खपून पुस्तक दिसेनासेच झाले. पुढची सात-आठ वर्षे मास्तर शिकवीतच होते. हळूहळू पुस्तक कॉलेजांतून पसरले, १९६३ मध्ये चित्रपट निघाला आणि १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जाता जाता एक गंमत. बोअरचॉक या खेड्यात जेम्स लव्हलॉक हे शास्त्रज्ञ त्यांचे शेजारी होते. सारी पृथ्वी एखाद्या जिवंत प्राण्यासारखी स्वतःला सांभाळते, असा विचार लव्हलॉकनी मांडला. गावच्या रस्त्याने चालता चालता गोल्डिंगनी त्याला नाव सुचवले 'गाया', म्हणजे ग्रीकांची धरणीमाता. आपण काळी आई म्हणतो, तीच म्हणा ना.

गोल्डिंग १९९३ मध्ये वारले. त्यांची ही कादंबरी मराठीत आणली ती जी. ए. कुलकर्णी यांनी, म्हणजे धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या दुसऱ्या एका मास्तरांनी. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. बारा प्रकरणे आहेत; रोज रात्री जेवणानंतर एक धरले तर पंधरवड्याच्या आत होतात. मात्र अगदी लहान पोरांना झोपवून मग वाचा, आणि घरात कोणी जुना फौजी असेल तर त्यांना जवळ बसवा.