भत्ता म्हणे आळशी करतो!

रोजगार हमीचा बेकारी भत्ता माणसाला आळशी करतो, असे पोटभरले लोक नांदेड-लातुरात सांगत फिरतात. आम्ही विचारतो, कायदा वाचलात काय? २००५ च्या कायद्याने भत्ता ठेवला तो काम मागणाऱ्यालाच. तोही १५ दिवसांत काम दिले नाही तर! पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथाई, पुढे किमान निम्मा. दिलेले काम नाकारले की भत्ता बंद. मग आळशी कोण? मजूर, की अर्ज घेऊन पोच न देणारी यंत्रणा? पोचच नाही, तर १५ दिवस मोजायचे कोठून? कंधार-मुखेडचा भूमिहीन आळशी असता, तर बायकापोरांसह उसाच्या फडावर गेला असता काय? कायदे बदलत राहतील. बांधवांनो, काम लेखी मागा, तारखेची पोच घ्या!