एका तंतूचा पाठपुरावा

श्वासोच्छ्वासाच्या मज्जाशास्त्राचा इतिहास सांगताना, मेंदूच्या बुडाशी असलेल्या ज्या केंद्रातून श्वासाची लय उमटते, त्या केंद्राच्या शोधाकडेच आज बहुतेकांचे लक्ष लागलेले असते. परंतु ते केंद्र ज्यांच्या वर्दीवरून आपली लय बदलते ती फुफ्फुसातील संवेदग्राहके कोणती आणि ती नेमके काय कळवितात, या तितक्याच मूलभूत प्रश्नाला ज्यांनी आपली हयात वाहिली, त्या अवतार सिंग पेंटल यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेणे मला अधिक अगत्याचे वाटते.

ब्रह्मदेशातील मोगोक येथे १९२५ साली जन्मलेले पेंटल लखनौस वैद्यकाचे शिक्षण पुरे करून रॉकफेलर शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेले आणि डेव्हिड व्हिटरिज यांच्या हाताखाली संशोधनास लागले. फुफ्फुस फुगले की पुढचा श्वास आवरला जातो आणि हा निरोप व्हेगस मज्जातंतूतून जातो, हे हेरिंग व ब्रॉयर यांनी १८६८ सालीच दाखविले होते. त्या निरोपाचे विद्युत्स्पंदनही एड्रियन यांनी १९३३ मध्ये नोंदले होते. पण व्हेगसमध्ये हजारो तंतू एकत्र गुंफलेले असतात, आणि हृदय, जठर, फुफ्फुस अशा नाना इंद्रियांची वार्ता त्यांतून एकाच वेळी वाहत असते. द्रवरूप पॅराफिनखाली, सूक्ष्मदर्शकातून पाहत, हा मज्जातंतू बारीक चिमट्याने चिरीत चिरीत अखेर एकच बोलका तंतू विद्युदग्रावर राहील इतका विरळ करणे, आणि त्यातून निरोप वाहण्याचा वेग मोजून त्याची जात ठरविणे, हे कसब पेंटल यांनी आत्मसात केले, एवढेच नव्हे तर पूर्णत्वास नेले. जठराच्या ताणाची वर्दी देणारी आणि हृदयाच्या अलिंदांतील संवेदग्राहके त्यांना याच वाटेने सापडली.

स्वदेशी परतल्यावर कानपूरच्या संरक्षणखात्याच्या प्रयोगशाळेत काही काळ काढून ते दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले, आणि १९५५ साली ज्या निबंधाने त्यांचे नाव झाले तो प्रसिद्ध झाला. मांजराच्या उजव्या अलिंदात फिनाइल डायग्वानाइड हे औषध टोचताच दोन-अडीच सेकंदांत काही मंदगती तंतू जागे होत. औषध हृदयाच्या डाव्या बाजूस दिले असता मात्र त्यांना उशीर लागे. यावरून या तंतूंची ग्राहके फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांच्या अगदी लगत असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. युक्तिवाद किती साधा, आणि तो उभा करण्यासाठी हाताची केवढी स्थिरता हवी!

मला विशेष मोल वाटते ते यानंतरच्या वर्षांचे. औषधाने एखादा तंतू जागा होतो, एवढ्यावरून निसर्गाने तो कशासाठी नेमला आहे याचा पुरावा मिळत नाही, हे भान पेंटल यांनी कधी सुटू दिले नाही. १९६९ च्या दीर्घ निबंधात त्यांनी ती साक्ष मांडली: फुफ्फुसात रक्त तुंबून केशवाहिन्यांबाहेरच्या ऊतीत द्रव साचू लागला की ही ग्राहके उत्तेजित होतात, आणि केशवाहिन्यांशी असलेल्या त्या सान्निध्यावरून, ‘जक्स्टा’ म्हणजे ‘लगत’ या शब्दाच्या आद्याक्षराने, त्यांना ‘जे’ हे नाव पडले. त्यांच्या उत्तेजनाने श्वास उथळ व जलद होतो, हृदयाची गती मंदावते. त्याच प्रतिक्रियेमुळे स्नायूही निरोधित होतात, हे देशपांडे व देवनंदन यांनी १९७० मध्ये दाखविले. आणि अतिश्रमाने रक्त तुंबताच शरीराला आपोआप थांबविणारी ही व्यवस्था असावी, असे पेंटल यांचे अनुमान होते.

१९६४ पासून १९९० पर्यंत ते त्याच संस्थेचे संचालक राहिले, १९८१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९८६ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालकपदही त्यांनी सांभाळले. एवढ्या कारभारातही विज्ञानातील नीतिमत्तेचा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यासाठी निघालेल्या संस्थेचे ते अध्वर्यू होते.

दम लागण्याची जी जाणीव हृदयरोग्याला व्याकूळ करते ती ‘जे’ ग्राहकांतूनच उपजते, हे त्यांचे मत मात्र सर्वमान्य झाले नाही. लोबेलीन शिरेतून दिल्यावर माणसाला घशात व छातीत दाटल्यासारखे वाटते, हा दाखला ते व त्यांचे सहकारी देत. उलट, ज्यांच्या फुफ्फुसांचा व्हेगसशी संबंध प्रत्यारोपणात तुटलेला आहे त्यांनाही धाप लागते, असे विरोधक सांगत. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे: धाप ही एकाच तंतूची निर्मिती नव्हे; परंतु तुंबलेल्या फुफ्फुसाची वर्दी देणारा तंतू नाही असेही कोणाला म्हणता येत नाही. २००४ च्या डिसेंबरात पेंटल निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१५ साली, अमेरिकेत लिबरलेस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या व्हेगसमधील चेतापेशींचे निवडक गट प्रकाशाने चेतविले, तेव्हा त्यांतील एका गटाच्या, बहुतांशी मंदगती तंतूंच्या, उत्तेजनाने श्वास जलद व उथळ झाला.