वजनापेक्षा तोल महत्त्वाचा
गिब्सनची ‘लेस पॉल’ गिटार (१९५२) भरीव महोगनीची, वर मेपलचा थर. वजन साधारण चार किलो, कधी त्याहून जास्त. तासभर उभ्याने वाजवलं की डावा खांदा कुरकुरतो. पण हलकी गिटार सुखाची असतेच, असं नाही. १९६१पासूनची पातळ ‘एसजी’ घ्या. पट्ट्याची खुंटी मानेच्या मुळाशी, मागच्या बाजूला. हात सोडला की मान खाली झुकते आणि सूर धरायचा डावा हात तिला पेलत बसतो. फेंडरच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’चं (१९५४) लांब शिंग नुसतं शोभेचं नाही. त्यामुळे खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचते आणि तोल सावरतो. एसजीवाल्यांनी निदान आतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा घ्यावा. गुळगुळीत नायलॉन खांद्यावरून सरकतो.