सोलरच्या प्लेटा उतरवताना

आपल्या जालना जिल्ह्यात पूर्वी घरांवर माळवद असे. पावसाळ्याच्या आधी त्यावर माती टाकायची, चोपायची, की झाले. आता स्लॅब आले. पण स्लॅबही गळतो! आणि त्यावर आता सोलरच्या प्लेटा बसल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. तीत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून गावोगाव प्लेटा दिसू लागल्या. मग स्लॅब दुरुस्त करायचा, तर या प्लेटांचे काय करायचे?

आमच्याच घरी हा प्रसंग आला. स्वयंपाकघर गळत होते. वैशाखात गवंडी बोलावला. तो म्हणाला, "गुरुजी, त्यात काय मोठं? चार नट काढतो अन् प्लेटा बाजूला ठेवतो." आम्ही म्हटले, बरे. खालचा मेन स्विच बंद केला आणि निश्चिंत झालो. वर जोड काही निघेना. गड्याने दोन्ही वायरी एकदम पकडीने कापल्या. निळा जाळ निघाला! पकडीचे तोंड वितळले, त्याची बोटे भाजली. महिनाभर त्याला थापी धरता आली नाही. ती चूक आमची होती.

असे का झाले? घरातली वीज महावितरणच्या तारेतून येते. स्विच बंद केला की ती थांबते. प्लेटेचे तसे नाही. ऊन आहे तोवर ती स्वतःच वीज तयार करते. एका प्लेटेचे ४० ते ५० व्होल्ट. सहा प्लेटा ओळीने जोडल्या, की ३००च्या आसपास जातात. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहते. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी तुटते. प्लेटेच्या विजेचा जाळ धरला की लवकर सुटत नाही.

म्हणून ज्याने संच बसवला त्यालाच आधी बोलवावे. योजनेत ५ वर्षे देखभाल त्याच्याकडे असते. मात्र उतरवून परत बसवण्याची मजुरी वेगळी विचारावी आणि कागदावर लिहून घ्यावी. काम सकाळी लवकर धरावे. इन्व्हर्टरचा घराकडचा स्विच आधी बंद, मग प्लेटांकडचा. थोडे थांबून मग जोड सोडवायचे. वायर कापायची नाही. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. उतरवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत. प्लेटांच्या मागे खडूने नंबर टाकावेत.

एक मोठी प्लेट २७-२८ किलो भरते. दोघांनी धरावी. घमेल्यासारखी डोक्यावर घेऊ नये. काच वाकते आणि आत बारीक तडे जातात. ते डोळ्याला दिसत नाहीत. खाली जाड गोधडी घालून भिंतीला उभ्या टेकवाव्यात आणि बांधाव्यात. आपल्याकडच्या वावटळी ठाऊक आहेतच.

आता स्लॅब. पाणी बहुधा बोल्टाच्या भोकातून उतरते. भोके नीट बुजवावीत. पायांसाठी स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे करावेत आणि बोल्ट त्यांतच धरावेत. निदान सात दिवस पाणी मारावे. नंतर कडेने आळे करून दोन दिवस पाणी साठवावे. खाली ओल आली नाही, तरच प्लेटा चढवाव्यात. गवंडी घाई करतो, आपण करू नये.

बसवताना तोंड दक्षिणेला, उतार सुमारे २० अंश. नवी पाण्याची टाकी ठेवली असेल, तर तिची सावली पाहावी. अर्थिंगची तार विसरली जाते. ती लावून दाखवायला सांगावे. चालू करताना क्रम उलटा.

३ किलोवॅटचा संच दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देतो. १५ दिवस बंद राहिला, तर १८० युनिटे गेली. त्या महिन्याचे बिल वाढेल, ते धरूनच चालावे. पहिल्या स्वच्छ दिवशी इन्व्हर्टरवरचा आकडा पाहून जुन्या आकड्याशी ताडावा. बराच कमी भरला, तर एखादी प्लेट दुखावली असेल किंवा सावली पडत असेल. बसवणारा अजून गावात आहे तोवरच त्याला दाखवावे.