दडलेला जंत आणि दुर्बल झालेली प्रतिकारशक्ती

पोटातील बहुतेक जंतांचे आयुष्य ठराविक असते. नवीन संसर्ग झाला नाही, तर काही काळाने ते आपोआप नाहीसे होतात. या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्ट्राँगिलॉइडीस नावाचा सूक्ष्म जंत एकदा शरीरात शिरला की उपचाराविना अनेक दशके तेथेच नांदतो आणि रोग्याची प्रतिकारशक्ती खालावताच प्राणघातक रूप धारण करतो.

लुई नॉर्मां या फ्रेंच नौदलातील वैद्याला १८७६ साली कोचीन-चायनातून परतलेल्या सैनिकांच्या शौचात हा जंत प्रथम आढळला. दूषित ओल्या मातीतून अनवाणी चालताना त्याच्या अळ्या कातडीतून आत शिरतात, रक्तावाटे फुफ्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येऊन गिळल्या जातात व लहान आतड्यात स्थिरावतात. तेथील मादी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची असते आणि नराविना अंडी घालते. ही अंडी आतड्यातच फुटतात. बहुतेक अळ्या शौचावाटे बाहेर पडतात. परंतु काही अळ्या आतच वाढून आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतात. असे हे चक्र मातीशी संबंध सुटला तरी चालूच राहते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेमार्गावर राबविण्यात आलेल्या ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांपैकी कित्येकांत तीस-पस्तीस वर्षांनंतरही हा जंत आढळून आला.

निरोगी शरीर या जंताची संख्या मर्यादित ठेवते. त्यामुळे रोग्यास काहीच त्रास जाणवत नाही, किंवा क्वचित पोटदुखी, अंगावर खाज व खोकला एवढ्यावरच भागते. मात्र दमा, संधिवात, त्वचारोग इत्यादींसाठी स्टेरॉइड औषधे दिली गेली, कर्करोगावरील उपचार झाले अथवा अवयवरोपण झाले, तर हा पहारा सैल पडतो. अळ्या बेसुमार वाढतात आणि फुफ्फुस, यकृत, प्रसंगी मेंदूपर्यंत पोहोचतात. आतड्यातील जीवाणूही त्यांच्यासमवेत रक्तात शिरतात. परिणामी रक्तदोष अथवा मस्तिष्कावरणाचा दाह होऊन रोगी दगावण्याचा संभव फार मोठा असतो. कोविडच्या साथीत २०२० पासून स्टेरॉइडचा वापर वाढला, तेव्हा या धोक्याकडे तज्ज्ञांनी पुन्हा लक्ष वेधले.

येथे एक फसगत संभवते. फुफ्फुसातून जाणाऱ्या अळ्यांमुळे धाप लागते व छातीत घरघर होते. ती दमा समजून स्टेरॉइड दिल्यास आगीत तेल ओतल्यासारखे होते. निदानही सोपे नाही. अळ्या शौचात अनियमितपणे येत असल्याने एका तपासणीत त्या दिसल्या नाहीत, म्हणजे जंत नाही असे समजू नये. वेगवेगळ्या दिवशी अनेक नमुने तपासावेत. शक्य तेथे रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करावी. रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असणे ही सूचक खूण होय. तथापि गंभीर अवस्थेत ही खूण नाहीशीही होते.

वेळीच ओळखल्यास उपचार सुलभ आहे. आयव्हरमेक्टिन हे यावरील सर्वांत गुणकारी औषध असून, किलोग्रॅम वजनामागे २०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात ते एक किंवा दोन दिवस दिले की सामान्यतः भागते. गंभीर रोग्यास मात्र ते रुग्णालयात दररोज, अधिक काळ द्यावे लागते. शाळा व अंगणवाड्यांतून दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी इतर जंतांसाठी उपयुक्त असल्याने मुलांना ती अवश्य द्यावी. परंतु तिच्या एका मात्रेने हा जंत खात्रीने जात नाही.

भातशेती, कुळागरे व पावसाळ्यातील चिखल यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांनी पुढील दक्षता घ्यावी. शेतात व बागेत पादत्राणे वापरावीत. उघड्यावर शौचास बसू नये. स्टेरॉइड उपचार सुरू होण्यापूर्वी आपण मातीत काम करतो, हे डॉक्टरांना सांगावे व जंतांची तपासणी करून घ्यावी. घटक न छापलेल्या दम्याच्या वा सांधेदुखीच्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तथापि चालू असलेले स्टेरॉइड भीतीपोटी एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. तो निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

शत्रू आत असल्याची जाणीव आधी झाली, तर त्याचा बंदोबस्त दोन दिवसांच्या गोळ्यांनी होतो. ती उशिरा झाली, तर प्राणावर बेतते.