यीस्ट इन्फेक्शन: घरातले आणि आयसीयूतले

रिपोर्टवर ‘कॅन्डिडा’ हा शब्द दिसला की दोन प्रकारचे लोक डॉक्टरकडे धावत येतात. एकीला महिनाभर मायांगाला खाज सुटते आहे आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ती तात्पुरती थांबते. दुसऱ्याचे वडील आयसीयूत आहेत आणि ‘अंगात फंगस झाले आहे’ एवढेच त्याला कळले आहे. जंतू एकाच कुटुंबातला असला तरी दोघांचा आजार, तपासण्या आणि औषधे वेगळी आहेत.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. कॅन्डिडा हा तिचा माणसात सर्वाधिक आढळणारा प्रकार. ती बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि स्त्रियांच्या योनीमार्गात थोड्या प्रमाणात असतेच. शेजारचे उपयुक्त जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकमुळे हे जिवाणू मेले, रक्तातली साखर वाढली, स्टेरॉइड सुरू झाले किंवा त्वचा सतत ओली राहिली, की तिला मोकळे रान मिळते. म्हणून ‘हे मला कुणाकडून लागले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘कुणाकडूनच नाही’ असे असते. नवरा-बायकोत यावरून संशयाचे वातावरण तयार होते, त्याला काही आधार नाही.

पांढरे जाणे म्हणजे यीस्टच असे नाही

यीस्टमध्ये खाज प्रचंड असते, स्राव फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा असतो आणि त्याला फारसा वास नसतो. लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबते. स्राव पातळ, करडा आणि माशांसारख्या वासाचा असेल तर जिवाणूंचे असंतुलन असण्याची शक्यता जास्त. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासचा विचार करावा लागतो, आणि त्यात जोडीदारालाही औषध लागते. लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसत्या वर्णनावरून मीसुद्धा खात्रीने सांगू शकत नाही. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काही मिनिटांत बरेच कळते. वारंवार त्रास होत असेल तर कल्चर करावे.

केमिस्टकडे तीन वेगवेगळ्या औषधांचे एकत्र किट मिळते. प्रयोगशाळेची सोय नाही अशा सरकारी केंद्रांत लक्षणे तपासून अशी किट्स देतात, ते ठीक. पण दर दोन महिन्यांनी स्वतःच किट घेतल्यास त्यातले अनावश्यक अँटिबायोटिक पुढच्या यीस्टची सोय करून ठेवते.

साध्या संसर्गाला उपचार छोटा असतो: क्लोट्रिमॅझोलची योनीमार्गात ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल टाळतात. त्याऐवजी आत ठेवायचे औषध साधारण सात दिवस देतात. वॉरफरिन, काही स्टॅटिन, किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर फ्लुकोनॅझोल घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. ग्लिमेपिराइडबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते. सुगंधी इंटिमेट वॉश आणि आत पाणी मारून धुणे मात्र बंद करा, बाहेरून साधे पाणी पुरते.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. मग नेमकी प्रजाती ओळखून आधी पूर्ण उपचार आणि नंतर साधारण सहा महिने आठवड्याला एक गोळी असा क्रम लागतो. त्याआधी साखर तपासाच. कित्येकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा कळतो, पुरुषांतही. शिश्नाच्या टोकाची कातडी लाल होणे, चिरणे, मागे न जाणे ही त्यांची तक्रार असते, आणि लाजेपोटी ते ती महिनोन्महिने सांगत नाहीत.

इथे एक गोष्ट हल्ली फार दिसते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर यीस्ट पोसते. ही औषधे हृदय आणि किडनीसाठी चांगली आहेत, त्यामुळे स्वतःहून बंद करू नका. लघवीनंतर जागा धुऊन कोरडी ठेवा, आणि तरीही त्रास होत राहिला तर गोळी बदलायची का हे डॉक्टरांशी बोला.

तोंड आणि त्वचा

तोंडात पांढरे चट्टे येतात, पुसले की खाली लाल दिसते. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी आणि कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून ठेवावी; निम्मा उपचार तिथेच होतो. काहीच कारण नसताना प्रौढ माणसाला असे झाले, विशेषतः गिळताना दुखू लागले, तर साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्या. तान्ह्या बाळाच्या तोंडाला मधात टाकणखार लावू नका. टाकणखार विषारी आहे आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये. बाळाला तोंडात लावायचे औषध मिळते, ते लावताना आईच्या स्तनाग्रांवरही उपचार करावे लागतात.

जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यात लालसर ओला चट्टा आणि भोवती बारीक फोड असतील तर तो बहुधा यीस्टचा. कडेने वाढत जाणारे गोल चट्टे म्हणजे गजकर्ण, ती वेगळी बुरशी. दोन्हींवर लोक एकच ‘मिक्स’ मलम लावतात, ज्यात तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, आत बुरशी पसरत राहते, त्वचा पातळ होते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे लिहिलेले दिसले तर विचारल्याशिवाय लावू नका.

आयसीयूतला रिपोर्ट

इथे पहिला प्रश्न विचारा: नमुना कशाचा होता? थुंकीत कॅन्डिडा सापडणे म्हणजे बहुधा ती तिथे नुसती राहते आहे. तिच्यामुळे न्यूमोनिया होणे दुर्मीळ. लघवीची नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीतही ती सहज सापडते, आणि ताप किंवा लक्षणे नसतील तर बहुतेकांना नळी काढणे वा बदलणे पुरते. पांढऱ्या पेशी फार कमी झालेले रुग्ण, अगदी कमी वजनाची नवजात बाळे आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे रुग्ण हे अपवाद.

रक्तात सापडली तर मात्र ती नेहमीच खरी धरायची, ‘नमुना दूषित झाला असेल’ म्हणून सोडायची नाही. मानेतल्या मोठ्या शिरेतली लाइन, दीर्घकाळ अँटिबायोटिक, शिरेतून अन्न, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी यांमुळे धोका वाढतो. अडचण अशी की रक्ताचे कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांत सापडते आणि यायला काही दिवस लागतात. म्हणून रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टर कधी कधी रिपोर्टआधीच औषध सुरू करतात. ते पैशासाठी चालले आहे असे लगेच समजू नका, पण कारण जरूर विचारा.

सुरुवात सहसा कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा अनिडुलाफंजिन या इंजेक्शनने होते. प्रजाती आणि संवेदनशीलता कळली की अनेकांना स्वस्त फ्लुकोनॅझोलवर आणता येते. रक्त स्वच्छ होईपर्यंत कल्चर पुन्हा पुन्हा करतात, आणि पहिले निगेटिव्ह कल्चर आल्यापासून किमान 14 दिवस औषध चालते. ताप उतरला म्हणून मध्येच घरी नेण्याचा आग्रह धरू नका. लाइन शक्य तितक्या लवकर काढतात आणि बुबुळ मोठे करून डोळ्यांचा पडदा तपासतात, कारण बुरशी तिथे जाऊन नजर घालवू शकते. ही तपासणी झाली का, हे तुम्ही विचारलेत तर कुणाला राग येऊ नये.

कॅन्डिडा ऑरिस हे नाव रिपोर्टवर असेल तर आणखी काळजी. 2009 मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा नोंदवली गेली. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. फ्लुकोनॅझोलला ती बहुधा दाद देत नाही आणि खाटांच्या कठड्यांवर, यंत्रांवर दीर्घकाळ टिकून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या यादीत तिला सर्वांत धोकादायक गटात ठेवले आहे. म्हणून रुग्णाला वेगळे ठेवतात आणि भेटायला जाताना गाऊन घालायला लावतात. निरोगी नातेवाइकांना ती आजारी पाडण्याची शक्यता फार कमी आहे. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा. घरी परतल्यावर रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही. मात्र ती त्वचेवर कित्येक महिने राहू शकते, म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि पुन्हा कोणत्याही रुग्णालयात दाखल करताना दारातच सांगा.