वेल्डिंग सोडून बोल्ट का? स्टीलच्या इमारतीचा जोड समजून घ्या

मॉल किंवा मेट्रो स्टेशनचं काम चालू असताना सांगाडा उघडा दिसतो. उभा कॉलम, आडवा बीम आणि जोडावर मोजून सात-आठ बोल्ट. एवढ्यावर सगळं उभं राहणार? सरळ वेल्डिंग का नाही करत?

अमेरिकेत तेच करायचे. बीमच्या मधल्या उभ्या पट्टीला, म्हणजे वेबला, बोल्ट असायचे; पण वरची-खालची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, साइटवरच कॉलमला वेल्ड व्हायची. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. या पद्धतीच्या इमारती उभ्याच राहिल्या. पण नंतर आवरणं काढून पाहिलं, तर १०० हून जास्त इमारतींच्या जोडांना तडे! बहुतेक खालच्या फ्लँजच्या वेल्डपाशी. स्टील वाकेल, असा सगळ्यांचा हिशोब होता. ते काचेसारखं तडकलं होतं.

भूकंपाची ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. बीम वाकला तर ती जिरते, जोड तुटला तर नाही. म्हणून नंतर एक उपाय असा आला की जोडापासून थोड्या अंतरावर बीमचा फ्लँज मुद्दाम कापून बारीक करायचा, म्हणजे तो तिथेच वाकेल. घरातल्या फ्यूजसारखंच. नवा बीम मुद्दाम कापायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

दुसरा उपाय एंड प्लेटचा. बीमच्या टोकाला जाड प्लेट कारखान्यातच वेल्ड करतात, कारण तिथे वेल्डची तपासणी नीट होते. साइटवर फक्त बोल्ट आवळायचे. पण इथेही गोम आहे. बीमवर ताण आला की प्लेट वरून कॉलमपासून सुटू पाहते. प्लेट पातळ असेल तर ती वाकते आणि तिची कड कॉलमवर टेकून पहारीसारखी बोल्टला आणखी ओढते. प्लेट भरपूर जाड घेतली आणि बोल्ट कमी पडले, तर बोल्टच तुटतात, तेही फारशी सूचना न देता. म्हणून बोल्ट आणि प्लेट दोन्ही बीमपेक्षा मजबूत ठेवतात. आधी वाकायचं ते बीमनेच.

आता बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून दिसतो. ८.८ असेल तर पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तो तुटतो. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो. असा २० मिलिमीटरचा एक बोल्ट पूर्ण आवळला की प्लेटांना साधारण १४ टन जोराने दाबून धरतो. त्या दाबाने प्लेटा घर्षणावरच एकमेकींना चिकटून राहतात, सरकत नाहीत.

पण हा दाब डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी पान्याने नट घट्ट करतात, नट आणि प्लेटवर मार्करने एक सरळ रेघ मारतात आणि मग बोल्टच्या लांबीप्रमाणे नट एक तृतीयांश किंवा अर्धा फेरा आणखी फिरवतात. रेघ अजून सरळच दिसली, तर तो बोल्ट आवळायचा राहिलाय.